फेअर या शब्दाचा मी लावलेला अर्थ

तुम्हा दोघांना तो रविवार आठवत असेल. आपलं बोलणं चालू असताना पडद्यावर माझा चेहरा गोठला, तोंड अर्धवट उघडं, आणि धाकट्याने विचारलं, "आजी, तुझं नेट दर महिन्याला संपतं कसं?" मी म्हणाले, शोध लागलाय, स्वयंपाकाच्या बाई वापरतात. मोठी हसून इंग्रजीत म्हणाली, "देअर इज अ डेटा थीफ इन द किचन!" आणि मीही हसले.

त्या हसण्याबद्दल मला तुम्हाला लिहायचं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी ते गमतीचं करून टाकलं असतं. वाचताना अडलं तर बाबाकडून वाचून घ्या.

आमच्या स्वयंपाकाच्या बाई तुम्ही पडद्यावर पाठमोऱ्या पाहिल्या आहेत. सकाळी आठला येतात, पोळ्या-भाजी करतात, झाडझूड करतात आणि अकराला जातात. गेली अकरा वर्षं. त्यांची मुलगी सुरतेला असते, तिला वर्षाचा मुलगा आहे. गणपतीत मी स्वतःहून त्यांच्या फोनमध्ये आपल्या वायफायचा पासवर्ड घालून दिला. काम आटोपलं की त्या मागच्या पायरीवर उन्हात बसायच्या आणि नातवाशी दहा-पंधरा मिनिटं बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, "आरे माह्या राजा, मले पाह्य ना, इकडं पाह्य," एवढंच पुन्हा पुन्हा. मी आत पेपर वाचत ते ऐकायची. तुमच्याशी मी याहून फार वेगळं बोलत नाही.

दिवाळीनंतर नेट महिना भरायच्या आत संपायला लागलं. आपल्या जोडणीला महिन्याला ठरावीक जीबी मिळतात. ते संपले की नेट बंद पडत नाही, पण इतकं मंदावतं की रविवारी तुमचे चेहरे चौकोन चौकोन होऊन थांबतात. पहिल्या महिन्यात चोवीस तारखेला संपलं, दुसऱ्या महिन्यात अठराला. कंपनीचा इंग्रजी संदेश आला की तुमची 'फेअर युसेज' मर्यादा पूर्ण वापरली गेली आहे.

इथे माझं शिक्षण आडवं आलं. मी इंग्रजी माध्यमात शिकले, पुढे धरमपेठेतल्या शाळेत तीस वर्षं इंग्रजीच शिकवलं. 'फेअर' म्हणजे न्याय्य, रास्त, सचोटीचं, हे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिलं असेल. त्यामुळे तो संदेश मला मर्यादेबद्दलचा वाटलाच नाही. मला वाटलं, कंपनीला दिसतंय की या घरात कुणीतरी रास्त वापर करत नाहीये. घरात मी एकटी. मग उरलं कोण?

फ्रिजवर माझी यादी असते, गॅस कधी लावला, पाण्याचा फिल्टर कधी बदलला. पासवर्ड दिल्याची आणि नेट संपल्याच्या तारखाही त्यात आहेत. गणपतीपासून दिवाळीपर्यंत बाई रोज बोलत होत्या आणि नेट एकदाही संपलं नव्हतं. हे त्या यादीतच दिसत होतं. मी पाहिलं नाही.

तुमच्याशी बोलताना मी ते वाक्य बोलले तेव्हा त्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. मोठीचं वाक्य झालं आणि लाटण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण डेटा हा शब्द येतो आणि थीफही येतो. टीव्हीवर ऐकून कुणालाही येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना समोर बसवलं. संदेश वाचून दाखवला, वर मराठीत समजावून दिला. "फेअर म्हणजे प्रामाणिक. म्हणजे कंपनीचं म्हणणं असं की आपल्याकडे वापर प्रामाणिक होत नाहीये."

त्यांनी पदराला हात पुसले. "मंग मी काय करू बाई?"

"तुम्ही व्हिडिओ वगैरे पाहता का पायरीवर बसून?"

"पोराशी बोलतो मी. तुमाले आइकू येते ना?"

त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "घ्या. तुमच्याच हातानं काढून टाका."

मी काढून टाकलं.

त्यांनी काम सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आठला आल्या, पोळ्या तशाच मऊ. फक्त अकराला पायरीवर न बसता फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहायला लागल्या. तिथे त्या आपल्या रिचार्जवर बोलायच्या. फाटकापाशी फोनला रेंज नीट नसते. "हॅलो, हॅलो, दिसून राहिलं का तुले?" हे मला आत ऐकू यायचं. मग फोन कटायचा आणि त्या सायकल काढायच्या.

पुढच्या महिन्यात नेट सतरा तारखेला संपलं. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, त्यांनी पासवर्ड पाठ केला असणार. मी तो बदलला आणि माझ्या फोनमध्ये, टीव्हीवर नवा घालून घेतला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे.

शेवटी मी कंपनीला इंग्रजीत दोन पानी तक्रार लिहिली. तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, चाळिशीचा, टाय घातलेला. त्याने आपल्या फोनवर आमचा वापर उघडला आणि विचारलं, "काकू, तुम्ही चोवीस तास टीव्ही पाहता काय?"

"छे. दुपारी एक तास."

"चोवीस तास चालू आहे इथं. डब्बा कुठं आहे?"

डबा म्हणजे दिवाळीत तुमच्या बाबाने टीव्हीखाली बसवून दिलेली ती काळी पेटी, जिच्यामुळे टीव्हीवर इंटरनेट येतं. त्याने तिला हात लावला आणि टीव्ही सुरू केला. पडद्यावर बर्फाचा रस्ता आला. कुणीतरी चालत होतं, बुटांचा करकर आवाज येत होता. तुमच्या गावाचा रस्ता होता तो.

तर ते असं. तिथले लोक कॅमेरा घेऊन तासन् तास गावातून चालतात आणि ते व्हिडिओ टाकतात. रोज दुपारी जेवण झाल्यावर मी ते लावत असे. तुमची लायब्ररी, तो पूल, बसचा थांबा मला आता ओळखू येतो. एकदा लाल टोपीतली एक मुलगी दिसली तर मी उठून टीव्हीजवळ गेले होते. तास झाला की लाल बटण दाबून टीव्ही बंद करायची. घर बंद करताना गॅस, नळ, मागचं दार, दिवे असा माझा क्रम ठरलेला आहे, तो कधी चुकत नाही. पण लाल बटणाने फक्त पडदा काळा होतो. डबा आपला एकामागून एक रस्ते लावत राहतो, कुणी पाहत नसताना, दिवसरात्र.

"टीव्ही बंद केला म्हणजे डब्बा बंद नाही होत, काकू," तो म्हणाला. "भिंतीवरून बंद करायचं."

मी विचारलं, "मग तुम्ही संदेशात फेअर का लिहिता?"

"ते नुसतं नाव आहे हो. लिमिट संपली म्हणजे लिमिट संपली. फेअर-बिअर काही नसते त्यात."

याच्या पुढचं लिहायला मला जड जातंय. त्याच दिवशी मी बाईंना खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "कंपनीनं मर्यादा वाढवून दिली आहे. द्या तुमचा फोन, पुन्हा घालून देते."

त्यांनी फोन काढला नाही. "राहू द्या बाई. पुन्हा संपन."

त्यानंतर आठ दिवस मी खरं सांगायचं टाळलं. त्यांच्यासाठी संत्री आणली, लवकर जा म्हणाले, डोकं दुखतं का विचारलं. संत्री त्यांनी नेली.

नवव्या दिवशी त्या टीव्हीचं फडताळ पुसत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. डबा, लाल बटण, रस्ते, सगळं. कंपनीने काही वाढवून दिलेलं नाही, हेही. माझी चूक होती आणि मी नाव तुमचं घेतलं, असं म्हणाले.

त्या फडकं घेऊन थांबल्या. "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"रोज सकाळी पुसतो ना मी हे. डब्बा गरम राहे. टीव्ही बंद, अन् डब्बा तव्यावानी गरम. मी म्हणलं, हा काहून तापून राहिला?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं बाई? तुमी तं सांगूनच राहिल्या होत्या."

त्यांनी फडकं झटकलं आणि विचारलं, "वांगी करू का मेथी?"

आता मी रोज भिंतीवरचं बटण बंद करते. सकाळी फडताळ पुसताना त्या डब्यावर तळवा ठेवतात आणि मला ऐकू येईल असं म्हणतात, "थंडा हाय." त्या हसतात, मीही हसते आणि माझे कान तापतात. नवा पासवर्ड मी कागदावर लिहून फ्रिजवरच्या यादीशेजारी लावला आहे. त्यांनी तो अजून घेतलेला नाही. अकराला त्या फाटकाबाहेरच जातात.

येत्या रविवारी तुमचा फोन आला की मी आधी त्यांना पडद्यासमोर बोलावणार आहे. मोठीला मी दोष देत नाही, तिने माझ्यावर विश्वास ठेवला. पण तो 'थीफ' शब्द आपल्या घरातून त्यांच्या कानावर गेला आहे आणि तो परत घ्यायला माझं एकटीचं म्हणणं पुरेसं नाही. आधी मी बोलेन, त्यांच्यासमोर आणि तुमच्यासमोर. मग तुम्ही दोघं बोला. इंग्रजीत नको. मराठी मोडकी असली तरी चालेल.