दार उतरवलेल्या घराचा तातडीचा अर्ज

अर्जदार : धायरीतील एक बाई, वय साठीपुढे, धंदा पिठाची गिरणी. सामनेवाले : रस्ता रुंद करणारे खाते. साक्षीदार : अर्जदाराचे पती, स्वारगेट आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक; तसेच मी स्वतः. दिनांक : अर्ज दाखल झाला तो शुक्रवार. नावे हेतुपुरस्सर गाळली आहेत. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि मला मर्यादा समजतात.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि कोर्टाच्या फाटकासमोर टेबल मांडून मी अर्ज लिहितो आणि माझ्या मजकुराखाली सही करताना वकिलांनी क्वचितच एखादा स्वल्पविराम हलवला आहे. या अर्जात तर मी जीव ओतला होता. घर व गिरणी रस्त्यात जातात, पर्यायी जागेचे पत्र नाही, शनिवारी सकाळी जेसीबी येणार असे कर्मचारी तोंडी सांगून गेले; सबब आजच मनाई हुकूम व्हावा. ‘अर्जदार सदर घरात सहकुटुंब राहत असून ताबा अखंड आहे’ हे वाक्य स्वतंत्र परिच्छेदात घेतले होते. अशा अर्जाचा कणा म्हणजे ताबा. राहत्या घरासाठी कोर्ट त्याच दिवशी हुकूम देऊ शकते. मोकळ्या जागेसाठी कोण घाई करील?

दुपारी पुकारा झाला. खात्याच्या वकिलांनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. आदल्या संध्याकाळचा होता. घराला दार नाही, पुढच्या खोलीवर पत्रा नाही, गिरणीच्या जागी नुसता ओटा.

“अर्जदार स्वखुशीने घर सोडून गेले आहेत,” ते म्हणाले.

आमच्या वकीलसाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी बाईंकडे पाहिले. त्या पदर सारखा करत होत्या.

न्यायाधीशांनी विचारले, “बाई, तुम्ही त्या घरात राहता का?”

“राहतो की साहेब. काल बी तिथंच झोपलो, दाराला चादर बांधून.”

“आणि दार कुठं आहे?”

“नणंदेकडं ठिवलंय.”

“म्हणजे दार नणंदेकडे नांदतं आणि अर्जदार इथं,” खात्याचे वकील हळूच म्हणाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

आज निकड दिसत नाही, खात्याने लेखी म्हणणे द्यावे, सुनावणी सोमवारी, असा आदेश झाला. माझा स्वतंत्र परिच्छेद कोणी वाचलासुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मी संयम राखून विचारले, “मावशी, दार का उतरवलंत? मला एका शब्दानं विचारायचं होतं.”

“त्यात काय इचारायचं? भिंतीवर रस्तावाल्यांची लाल खूण पडली की आमच्या आळीत समदेच उतरवत्यात. जेसीबी लागला की दाराची फळकुटं हुतात. वाकलेला पत्रा भंगारवाला बी घेत न्हाई.”

“अहो, त्याचा अर्थ तुम्ही घर सोडलं असा होतो.”

“सोडायचं असतं तर तुमच्या टेबलापाशी कशाला आलो असतो, भाऊसाहेब?”

शेजारी उभे असलेले पती म्हणाले, “सागवानी हाय. जुन्या बाजारातनं आणून मी सोता बसवलंय. अर्जात दाराचं लिवलंय का तुम्ही?”

“दाराचं अर्जात लिहायचं नसतं.”

“मग त्यांनी नेमकं दारच कसं धरलं?”

मी अर्जाची प्रत काढून पुन्हा पहिल्यापासून वाचली. अशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

त्याच संध्याकाळी टेम्पोतून दार परत आणले, पत्रा चढवला. मी समक्ष उभा राहून फोटो काढविले, सोमवारी दाखल करण्यासाठी. शनिवारी सकाळी जेसीबी आला. सोमवारच्या सुनावणीचा कागद मी अधिकाऱ्यांपुढे धरला. “यात थांबा असं कुठं लिहिलंय, ते दाखवा,” ते म्हणाले. तसे लिहिलेले नव्हते. यंत्र सुरू ठेवून त्यांनी पतींना बिजागऱ्या सोडवण्यापुरती सवलत मात्र दिली. पुढची खोली आणि गिरणीचा ओटा गेला. सोमवारी खात्याने म्हणणे देण्यास मुदत मागितली. ती मिळाली.

सबब विनंती की, आपले घर पडणार हे कळल्यावर ज्याने दार जपून ठेवले त्याने घर सोडले असे मानावे काय, याचे लेखी उत्तर संबंधितांनी द्यावे आणि मागच्या खोलीपुरता तरी हुकूम करावा. त्या खोलीला आता तेच दार बसवले आहे. उत्तर त्याच पत्त्यावर पाठवावे. अर्जदार तेथेच राहतात.