ओल्या काचेवरचा अंगठा

झिरकपूरपासून पंचकुल्यापर्यंत शोधलं तरी आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरएवढा रंगानं झपाटलेला माणूस मिळायचा नाही. हे मी सांगतोय, ज्यानं मिरजेत चाळीस वर्षं ट्रक रंगवले. डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा नव्हे, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारा. नागपूरकडचा, पस्तिशीचा, एकटा. माझं शिक्षण चौथी, पण त्याचं काम मला एवढं कळतं: झाडापाल्याचा रंग तो काचेसारख्या पातळ रसात कालवतो, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून बारीक थर काचपट्टीवर चढवतो, आणि वीज सोडली की पिवळ्याचा तांबडा होतो. बटण फिरवाल तेवढाच. उद्या यातून उजेडावर चालणारी यंत्रं निघतील म्हणे.

दिसेल ती वस्तू हा तिरकी करून उजेडात धरतो. भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, "प्रोफेसर साहब, बैंगन है, हीरा नहीं." कपडे सगळे राखाडी, कारण शर्टाचा रंग म्हणे पट्टीवर पडतो. एका लग्नात तसाच गेला, तर तिथल्या सरदारजींनी त्याला वायरमन समजून शिडीवर चढवलं. यानं मुकाट्यानं सगळी माळ दुरुस्त केली आणि मग जेवायला बसला.

आमच्या हिला तो फार आवडायचा. मुलानं आम्हाला इकडं उत्तरेत आणलं, हिला हिंदी येत नव्हती, दिवसभर तोंड मिटलेलं. चार वाजले की चहा घेऊन वर जायची आणि तासभर खाली यायची नाही. माझ्याशी बोलणं गुडघेदुखीचं, त्याच्याशी रंगांचं. सरळ सांगतो, जळायचो मी. गावाकडची हळद तिनं त्याला दिली तेव्हा तर जास्तच. "काकू, बाजारच्या हळदीपेक्षा ही स्वच्छ उजळते," म्हणाला, तर ही आठवडाभर खूश.

त्या हळदीची पट्टी दाखवायला त्यानं आम्हा दोघांना कामाच्या जागी नेलं. थर अजून ओला होता. हिनं पापड सुकलाय का बघतात तसा अंगठा दाबला. मी ओरडलो, "अगं, हात!" त्यानं पट्टी तिरकी केली. "राहू द्या, काका. थर गेला वाया, पण रेघा बघा काय सुंदर आल्यात."

मला मिरजेची शेड आठवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिनं शेडमध्ये ओल्या बॉनेटला असाच अंगठा लावला होता. मी कामगारांदेखत तिला फाडून खाल्लं, घासकागदानं ठसा काढला, वर रंगाचा दुसरा हात मारला. ती पुन्हा शेडमध्ये आली नाही.

गेल्या पौषात ती गेली. तेराव्यानंतर मी वर जाऊन म्हणालो, "ती पट्टी दे. माझी आहे." त्यानं काळ्या डब्यातून काढून लगेच हातात ठेवली. "घ्या. फक्त उजेडात ठेवू नका, काका. हळदीचा रंग आहे, उडतो. जितकं बघाल तितका फिका होणार."

दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. माझ्याकडे राहिली तर मी दिवसभर बघत बसणार, आणि तिचा अंगठा दुसऱ्यांदा माझ्याच हातून पुसला जाणार.

आता रविवारी चार वाजता मी चहा घेऊन वर जातो. तो पडदे ओढतो, तारा जोडतो. हळूहळू रेघा तांबूस होतात, मधे तिच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा आडवा व्रणही दिसतो.

"पुरे, काका," तो म्हणतो.

अजून राग येतो. बायको माझी, आणि पुरे म्हणणार हा.

"बरं," मी म्हणतो, "झाक."