खाणीतलं पाणी आणि बिबवेवाडीतली सून

आमची सून बिबवेवाडीत डायनिंग टेबलापाशी लॅपटॉप उघडून विदर्भातल्या एका खाणीतलं पाणी उपसते. थट्टा नाही, खरंच. जमिनीखालच्या खाणीत पाणी सतत झिरपतं. ते तळच्या हौदात साठतं आणि पंपांनी वर काढावं लागतं. संध्याकाळी वीज महाग, म्हणून दिवसा उपसून हौद रिकामा करायचा आणि संध्याकाळी पंप बंद ठेवून तो भरू द्यायचा, ही तिची पद्धत.

खाली पंपांवर असणारे काका मात्र काही केल्या तयार होईनात. पंप थांबला की खाण बुडणार, असं त्यांचं म्हणणं. पाणी दिसलं की उपसायचं, यातच त्यांची हयात गेलेली. हिने रोज फोन करून, न चिडता समजावलं. (मी असते तर दुसऱ्याच दिवशी फोन आपटला असता.) शेवटी ते म्हणाले, "तुमच्या भरवशावर बंद करतो, ताई." त्या दिवशी ही धड जेवली नाही.

एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी गवार मोडत बसले होते. पंप बंद, आणि स्क्रीनवर पाण्याची रेघ सपाट. मी आपलं म्हटलं, "बरंय की, पाणी वाढतच नाहीये."

ती ताडकन उठली. "आई, पंप बंद असताना वाढायलाच हवं! पातळी मोजणारं यंत्र अडकलंय."

तिने खाणीच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी बिलाचं रडगाणं सुरू केलं. त्या महिन्याची बचत बघूनच हिला पुढचं काम मिळणार होतं. "बिलावरून उद्या भांडू," ती म्हणाली, "आधी पंप चालू करा आणि माणसं वर घ्या." आवाज जराही चढला नाही. माझी गवार मात्र जमिनीवर सांडली.

यंत्रात गाळ अडकला होता. पाणी पंपांच्या चबुतऱ्याला टेकलं होतं, आणखी चढलं असतं तर पंपच बुडाले असते. सगळी माणसं सुखरूप वर आल्याचं कळलं आणि अहो, मला रडूच फुटलं. काय धीराची पोर आहे ही!

ती म्हणाली, "आई, आता काका माझं कशाला ऐकतील?" बचतीचं तिला काहीच वाटलं नव्हतं. मी उठून तिचं ताट वाढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र साफ झालं, जोडीला आणखी एक बसवलं. दिवेलागणीला काकांचा फोन आला. हिने घाईने उचलला.

"यंत्र पाहून आलो ताई, हौदातही डोकावलो. सांगा जी, केव्हा बंद करू?"