खडकावरचे बूट

आमच्या खात्यात घाटावरून आलेला एक फोरमन आहे. बेटेगावला राहतो, लहानपणी विहिरीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही, आणि दोन वर्षांपासून त्याला गळाने मासे धरायचा नाद लागलाय. गेल्या हिवाळ्यात त्याने वेडर मागवले. वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार. खाली बूट चिकटवलेले, वर खांद्याला पट्टे. मागवण्याआधी महिनाभर तो मला मोबाइलवर फोटो दाखवत होता. तळ रबरी घ्यावा की खिळ्यांचा, बूट एक नंबर मोठा घ्यावा का, आत मोजे किती जाड हवेत. मी मच्छीमाराच्या घरातला, म्हणून मला विचारायचा. मला ते चढलं. लग्नाची शेरवानी घेतानाही कोणी एवढं बघत नाही, असं मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत त्याला सुनावलं.

"आमच्यात पायात काही घालून समुद्रावर जाणारा अजून जन्मलेला नाही," हेही वर सांगितलं. सांगताना फार बरं वाटलं. बारा वर्षं मी कंपनीचे सेफ्टी शूज घालून एसीच्या खोलीत बसतोय आणि माझ्या टाचा त्या फोरमनपेक्षा मऊ आहेत, हे काही मी सांगितलं नाही.

एका रविवारी ओहोटीला तो आमच्या गावच्या खडकावर आला. वाळूत बसून ती विजार चढवायला त्याला पाव तास लागला. पट्टे उलटे अडकवले, पुन्हा काढले. मी शेजारी उभा राहून शेरे मारत होतो आणि तो बिचारा ओशाळून हसत होता. मग मी माझ्या चपला काढल्या, त्याला म्हटलं आता बघ, आणि खडकावर पुढे निघालो.

आठ-दहा पावलं गेलो असेन. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं; आठवलं मात्र तळवा फाटल्यावर. तोल सावरायला खाली टेकलो तर हातही कापला. फोरमन त्या विजारीत डुलत डुलत, पण एकदाही न घसरता माझ्यापर्यंत आला, मला पाठुंगळी घेतलं आणि वाळूवर आणून ठेवलं. मग माझ्या चपला उचलून आणून शेजारी ठेवल्या. त्यापेक्षा एखादा शेरा मारला असता तर बरं झालं असतं.

तिथे कालवं काढायला आलेल्या बायका होत्या, त्यांत माझी आई. तिने डोक्याचं फडकं सोडून माझा पाय बांधला. शरमेने माझी मान खाली, म्हणून तिच्या पायांकडे नीट लक्ष गेलं. पायांत बूट होते, तिला मोठे होणारे, घोट्यापाशी सुतळीने आवळून बांधलेले. बाकीच्या बायकांच्याही पायांत तसेच काहीबाही. मी हळूच विचारलं, आपण तर अनवाणी जातो ना?

"होडीवर अनवाणी. होडीला चप्पल नाय लावायची," ती म्हणाली. "खडकावर कोण जातंय अनवाणी? हे तुजेच हायत. तू दर वर्षी टाकतोस, ते मी घालते."

मग ती फोरमनकडे वळली. त्याच्या विजारीचं रबर चिमटीत धरून पाहिलं, चांगलं हाय म्हणाली. फक्त कमरेला पट्टा आवळून बांधा, नायतर वरून पाणी भरलं की माणूस उठत नाय, असंही बजावलं. मागवण्याआधी महिनाभर तो मला असलंच काहीबाही विचारत होता. सवयीने आताही त्याने खात्री करायला माझ्याकडे बघितलं.

आईने ते पाहिलं.

"त्याला काय विचारता?" ती म्हणाली. "तो कंपनीतला माणूस हाय."