भंडारा उचलून विकलेली गाडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, गाडी विकली, कटकट गेली. तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका.

मी जात्याच संशयी. दूधवाला माप भरताना मी त्याच्या अंगठ्याकडं बघतो. रिक्षा वळली, की विचारतो, इकडून का? जन्मभर शाळेत मास्तरकी केली, पोरांच्या बाह्यांतल्या कॉप्या शोधल्या – ती नजर काही जात नाही.

तर ती लाल गाडी. टप मागं दुमडणारी, दोनच माणसांची. निवृत्तीनंतर हौसेनं जुनीच घेतली. सोलापुरात टप उघडायची गाडी! उन्हानं टाळकं भाजायचं आणि नवी पेठेत लोक वळून हसायचे. शेवटी विकायला काढली. दलाल नको म्हटलं – दलालाचा काय भरवसा?

सांगोल्याकडून बिरू आणि त्याची बायको हौसा आली. मेंढरं राखणारं घर. गाडी वरातीला भाड्यानं लावायची, नवरा-नवरीला मिरवायचं, असा त्यांचा बेत. बिरूनं चक्कर मारून बघायला किल्ली मागितली. हा परत आलाच नाही तर?

शेजारी बसून जायचं की, असं तुम्ही म्हणाल. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण – थांबा, सांगतो. आधी दुसरं सांगू द्या.

हौसाला ओट्यावर बसवून घेतलं. चहाचा आग्रह केला. तारण ठेवलं हो, सरळ सरळ! तेवढ्यानंही माझं भागेना. तिच्या कमरेला बिरोबाच्या भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची पिशवी होती. म्हटलं, नवरा गाडी घेऊन परत येईल, असं भंडारा उचलून सांग. भंडारा हातात घेऊन ती माणसं खोटं बोलत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती रागावलीसुद्धा नाही. चिमूटभर तळहातावर घेऊन बोलली. बिरू गेला.

मग तिनं तोच हात माझ्यापुढं धरला.

"आता तुमी, सर. गाडीत काय खोट न्हाय न्हवं?"

आता ऐका. ब्रेक कधीकधी पहिल्या दाबाला लागायचाच नाही. पाय पार तळाला जायचा. मेकॅनिकनं बजावलं होतं, दुरुस्त केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. म्हणून मी शेजारी बसलो नव्हतो – मला माझा जीव प्यारा होता. तिचा नवरा त्याच गाडीत रस्त्यावर होता, आणि मी काळजी करत होतो ती गाडीची.

मी भंडारा उचलला. म्हटलं, काहीही खोट नाही.

बिरू घामाघूम होऊन आला. "ब्रेक मदीच लागंना झालाय," म्हणाला. पण हौसाच त्याच्यावर खेकसली, "सरांनी भंडारा उचललाय की! तुमचाच पाय चुकला आसंल."

बिरू ओशाळला. त्यानं माझी माफी मागितली – माझी! मी मोठ्या मनानं दिलीसुद्धा. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि दोघं गाडी घेऊन गेली.

वरातीत गाडी कशी चालते, बघितलंय ना? मुंगीच्या पावलानं. आणि पुढं, अगदी गाडीला खेटून, पोरं नाचत असतात – गाडीकडं पाठ करून.

लगीनसराईत बिरूचा फोन आला. मी उचलला नाही. लगेच पुन्हा आला. मी फोन उलटा ठेवून दिला. त्यानंतर कधीच आला नाही.

कशासाठी केला असेल? सांगोला इथून लांब नाही. नंबरही माझ्याकडं आहे. मी अजून विचारलेलं नाही.