हडळीचा आवाज

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मला एक हडळ रेकॉर्ड करायची होती... बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रजया लटकवून.

मी व्हाइटफील्डच्या एका गेम स्टुडिओत साउंडचं काम करतो. नव्या फॅन्टसी गेममधले सगळे राक्षस आपल्या लोककथांमधून घेतलेत. खवीस झाला, वेताळ झाला... हडळीची किंचाळी मात्र कुणालाच जमेना.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या अक्कांना विचारलं. अक्का मूळच्या चिकोडीकडच्या, सोसायटीच्या भजनात त्यांचा आवाज माइकशिवाय गेटपर्यंत जातो. "सरी, येते की," म्हणाल्या आणि हसतच आल्या. सोबत भाची होती, सुजाता. तिला अक्कांनीच वाढवलंय, आता ती बोम्मसंद्राला एका कारखान्यात सुपरवायझर आहे.

दोन किंचाळ्या छान झाल्या. मग अक्कांनी विचारलं, ही बाई आहे तरी कोण? मी स्क्रीनवरचं वर्णन वाचून दाखवलं. बाळंतपणात मेलेली स्त्री. पाय उलटे. दुसऱ्यांची मुलं पळवते. लोखंडाला घाबरते, लोखंडी बाणाने मरते.

अक्कांनी हेडफोन काढून ठेवले.

"लोखंडाचं कुठून आणलात?"

जुन्या गोष्टींमधून, मी म्हणालो.

"माझी बहीण गेली तेव्हा उंबऱ्यात खिळे ठोकले होते," त्या म्हणाल्या. "हिची आई. हिला जन्म दिला आणि गेली. मसणातून येताना वाटेभर मोहरी टाकत आले लोक, ती परत येऊ नये म्हणून. आत ही दुधासाठी रडत होती, आणि बाहेर हातोडी चाललेली."

आई बाळंतपणात गेली हे सुजाताला माहीत होतं. खिळ्यांचं ती पहिल्यांदाच ऐकत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं.

"ते खिळे अजून आहेत, मावशी?"

"नाहीत गं. तुझ्या बारशाच्या आधी मीच उपटले, पकडीने. आली तर येऊ दे म्हटलं. तुला बघून तरी जाईल."

"मग आली?"

"नाही आली. लई दिवस दार उघडं ठेवलं होतं की."

सुजाताने मावशीचा हात धरला. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

सोमवारी ऑफिसात मी हडळ काढून टाकूया म्हणालो. टीमच्या लीडने शांतपणे ऐकून घेतलं, त्यालाही वाईट वाटलं. पण मॉडेल तयार होतं, लेव्हल तयार होती, हडळ राहिली... अक्कांच्या किंचाळ्या तेवढ्या मी डिलीट केल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी बसवल्या.

आता टेस्टिंगमध्ये ती दिवसभर मरत असते. ती मेली की पोरं एकमेकांना टाळी देतात. त्यांचं काही चुकत नाही, पण मला त्या खोलीत थांबवत नाही.

या सगळ्या राक्षसांच्या मागे कुणाकुणाच्या घरची माणसं असतील, हा विचार काही डोक्यातून जात नाही...

अक्कांना विचारूनच हे लिहितोय. त्या म्हणाल्या, लिहा, पण बहिणीचं नाव घालून लिहा.

तिचं नाव कमल होतं.