मामांच्या केसांच्या गोळ्या

आमच्या मामांनी आयुष्यभर घराण्याचं रक्त राखलं. म्हणजे सोयरिकीच्या बैठकीत ते लोडाला टेकून बसत आणि बाहेरचं स्थळ आलं की नाक मुरडत. "घरची पोरगी घरात गेली की भांडान बी घरातच ऱ्हातंय," हे त्यांचं शास्त्र. त्याच शास्त्राने त्यांनी आपली मुलगी बहिणीच्या मुलाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला दिली.

नात झाली. काही महिन्यांत तिला झटके येऊ लागले, अंगावर चट्टे उठले, केस गळले. मामांनी आधी दृष्ट काढली, मग जोतिबाला नेलं. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचायला उशीरच झाला. बाई म्हणाल्या, बायोटिन नावाचं जीवनसत्त्व एकदा वापरलं की हिच्या शरीराला ते पुन्हा वापरता येत नाही. रोज गोळी द्या, जन्मभर. असा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात तसं होण्याची शक्यता वाढते.

मामांनी खाली बघत विचारलं, "म्हंजे बाई, ह्ये मी केलं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. मामांना ते पुरलं नाही.

झटके थांबले, केस आले. ऐकू मात्र पोरीला कमीच येतं.

बायोटिन बहुतेक लोक केसांसाठी घेतात. गोळ्या मामाच आणायचे, आणि मामांना पूर्ण टक्कल होतं. औषधवाला गिऱ्हाइकांदेखत विचारायचा, "काय मामा, दुसरं लगीन काढलंय काय?"

"व्हय की. बघ एखादी पोरगी."

नातीचं नाव त्यांनी तिथे कधी काढलं नाही. स्वतःचं हसं करून घेतलं, पण गोळी चुकवली नाही.

मामा गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात धाकट्या मामांची मुलगी मावशीच्या मुलाला द्यायचं ठरलं. सुपारी फोडायचा मान अर्थातच मामांचा. त्यांनी ती हातात घेतली आणि परत तबकात ठेवली.

"नातीचं दुखणं आपल्या रक्तातलं हाय. दोन्ही पोरांचं रक्त तपासा, मग फोडा सुपारी."

मावशी उसळली. "दादा, भरल्या घरात काय बोलतोयस! लोकांत तोंड कसं दाखवायचं आमी?"

"मला बी लोकांत कळू द्यायचं न्हवतं गं. म्हणून तर टकलावर लोकांचं हसू झेलत बसलो."

आम्ही सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत राहिलो. मामा चप्पल घालून एकटेच निघून गेले.

पुढच्या बैठकीला त्यांना बोलावणं नव्हतं. सुपारी धाकट्या मामांनी फोडली. रक्त कुणी तपासलं नाही. पत्रिका तपासल्या. गुण उत्तम जुळले.